शेपटातली गुंज

आमच्या साडूंइतका हलका माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि हे वाक्य मी त्यांची स्तुती म्हणून लिहितो आहे. मराठी भाषेनं 'हलका' या शब्दावर घोर अन्याय केला आहे असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते कुठेही, कुणालाही, न विचारता ऐकवायची त्यांची तयारी असे. "हलकं कापड म्हणजे टाकाऊ, हलक्या कानाचा म्हणजे बावळट, हलका माणूस म्हणजे तर बोलायलाच नको," ते म्हणायचे, "आणि भारी काय? तर भारी साडी, भारी हॉटेल, भारी माणूस! अहो साडूभाऊ, ज्या भाषेत जड वस्तूलाच चांगली म्हणतात, त्या भाषेतल्या माणसांनी विमान बनवायचं तरी कसं?" माझा सगळा जन्म पुस्तकं वाचण्यात गेला. पण विमान बनवताना भाषा आडवी येते ही तक्रार मला कुठल्या पुस्तकात भेटली नव्हती.

ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांना खांदा देताना माझ्या पुढचा माणूस हळूच म्हणाला, "काहीच वजन नाही हो." मला त्याही वेळी वाटून गेलं की हे ऐकायला ते हवे होते. इतकी मोठी शाबासकी त्यांना उभ्या आयुष्यात कोणी दिली नव्हती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळेच ताई म्हणतो. तुर्भ्याच्या एका कारखान्यात साडू ड्राफ्ट्समन होते, आणि दादरची खोली सोडून वाशीत राहायला आलेल्या पहिल्या काही बिऱ्हाडांत त्यांचं बिऱ्हाड होतं. दोन वर्षांनी त्यांच्या आग्रहानं आम्हीही शेजारच्या सेक्टरात आलो. लोक घर घेताना पाणी बघतात, बाजार बघतात, मुलांची शाळा बघतात. साडूंनी घर घेताना गच्चीवर जाऊन वारा बघितला. चारी बाजूंना भराव टाकलेल्या सपाट मोकळ्या जमिनी पडलेल्या पाहून त्यांचे डोळे चमकले आणि ते बिल्डिंगच्या वॉचमनला म्हणाले, "काय जागा आहे! इथे अजून काहीच नाही, हे केवढं मोठं सुख आहे." बस कधी येते हे विचारायला त्या जागेत दुसरं माणूससुद्धा सापडत नसे, पण तो भाग ताईच्या वाट्याला होता.

या सगळ्याच्या मुळाशी मस्कतहून आलेली एक पेटी होती. त्यांचा शाळेतला एक मित्र तिकडे नोकरीला होता. सुट्टीवर येताना बाकीच्यांसाठी त्यानं टेपरेकॉर्डर आणि सेंटच्या बाटल्या आणल्या आणि साडूंसाठी हा रेडिओ आणला. रेडिओ म्हणजे गाणी लागणारा नव्हे. हातात धरायची एक पेटी, तिला लांब एरिअल, आणि दोन्ही अंगठ्यांनी हलवायच्या दोन दांड्या. तिच्या जोडीला विमानाच्या पोटात ठेवायची एक छोटी डबी आणि बोटाएवढ्या मोटरी. इथे दांडी हलवली की तिथे हवेत विमानाची शेपटी हलणार. काडेपेटीहून थोडं मोठं असं एक इंजिनही होतं. फक्त विमान तेवढं नव्हतं. ते आपण घरीच करू, असं साडू म्हणाले, आणि ताई सांगते की घरात ज्या क्षणी 'घरीच' हा शब्द उच्चारला गेला त्या क्षणी तिच्या उजव्या डोळ्याची पापणी लवली.

पहिलं विमान त्यांनी सर्वसामान्य माणसासारखं, म्हणजे मजबूत बनवलं. पंख हलवायला कपाटाच्या पितळी बिजागऱ्या, पंख धडाला आवळायला लोखंडी नट-बोल्ट, मोटरीपासून शेपटापर्यंत ओढणाऱ्या सळ्या म्हणून मोडक्या छत्रीच्या काड्या, आणि चाकं तर एका खेळण्यातल्या ट्रकची. ते विमान मैदानात सोडलं तेव्हा मी हजर होतो. आवाज भयंकर झाला. धूळ उडाली. विमान सरळ पळत सुटलं, पळतच राहिलं, मैदान संपलं तरी पळालं, आणि रस्ता ओलांडून समोरच्या बिल्डिंगच्या जिन्याशी जाऊन थांबलं. वाटेत एकदाही त्याची चाकं जमिनीवरून सुटली नाहीत. ताई म्हणाली, "हे विमान नाही हो, ही मालगाडी आहे." साडूंनी जिन्यापाशी बसून एक बिजागरी खोलली, तळहातावर ठेवून हात वर-खाली केला आणि एखाद्याच्या लबाडीचा अखेर छडा लागावा तसा त्यांचा चेहरा झाला. त्या दिवसापासून ते वजनाचे वैरी झाले.

मग त्यांना एक सवय लागली. कुठल्याही घरात गेले की ते बसायच्या आधी समोरची वस्तू उचलून हातात तोलायचे. कप, अडकित्ता, समई, कुणाचा चष्मा. मालक चष्म्याशिवाय चाचपडतोय आणि हे म्हणताहेत, "काडी चांगली आहे, पण स्क्रू उगाच पोलादी घातलाय." आमच्या एका नातलगांकडे बारसं होतं. सगळ्या बायका बाळाला बघून त्याचं नाक कुणासारखं यावर बोलत होत्या. साडूंनी बाळ दोन्ही हातांवर आडवं घेतलं, पोटाखाली बोटं सरकवत सरकवत ते नेमकं कुठे तोलतं हे पाहिलं आणि परत देताना मोठ्या कौतुकानं म्हणाले, "उत्तम आहे. फक्त शेपटाकडे जरासा भरलाय." बाळाच्या आजीनं त्यांना घुगऱ्या दिल्या नाहीत.

शेपूट हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. विमानाचं नाक आखूड आणि शेपूट लांब, त्यामुळे शेपटात एका गुंजेएवढं वजन वाढलं तरी तोल सांभाळायला नाकात तीन गुंजा घालाव्या लागतात, हे गणित त्यांनी मला इतक्या वेळा समजावून सांगितलं की मला ते झोपेतसुद्धा येऊ शकलं असतं. गुंजा हे ते काही अलंकारानं म्हणत नसत. त्यांच्याकडे सराफाचा छोटा तराजू होता, आणि वजनं म्हणून खऱ्याच गुंजा होत्या, लाल अंगाच्या आणि काळ्या तोंडाच्या. ताईच्या माहेरी देवगडकडे परड्यातल्या कुंपणावर गुंजेचा वेल होता, तिथून त्या आल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर तो तराजू कायम मांडलेला असे आणि ताट ठेवायला जागा उरत नसे. हे गणित ते पुढे जगातल्या सगळ्याच गोष्टींना लावायला लागले. एकदा आम्ही सगळे टॅक्सीनं ठाण्याला लग्नाला निघालो होतो. ताईच्या मामी अंगानं चांगल्या सुखवस्तू. साडू ड्रायव्हरला म्हणाले, "थांबा. मामींना पुढे घ्या, म्हणजे शेपूट आपोआप उचललं जाईल." मामी पुढे बसल्या, पण अक्षता पडेपर्यंत त्यांनी साडूंकडे पाहिलं नाही. साडू मात्र वाटेत दोनदा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, गाडी कशी फुलासारखी चाललीय."

हलकं सामान मिळवण्यासाठी त्यांनी केलेले उद्योग हा तर एका ग्रंथाचा विषय आहे. परदेशात म्हणे अशा विमानांसाठी सगळे सुटे भाग नायलॉनचे मिळत. आमच्याकडे हार्डवेअरची दुकानं. त्यांतल्या एकात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. गल्ल्यावर कच्छी शेठ बसले होते.

"शेठ, स्क्रू दाखवा. बारीक," साडू म्हणाले.

शेठनी पुडी उघडली. साडूंनी एक स्क्रू तळहातावर घेतला आणि हात वर-खाली केला. "याच्यापेक्षा हलका नाही?"

"हलका?" शेठचा आवाज बदलला. "साहेब, बापाच्या टाइमपासून दुकान हाय. हलका माल आपून ठेवत नाय."

"अहो पण मला हलकाच पाहिजे! जितका हलका असेल तितका चांगला."

शेठनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. आपली कोणीतरी थट्टा करतंय असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी हाताने रस्त्यापलीकडचं दुकान दाखवलं. "मग त्याच्याकडे जावा. त्याच्याकडे समदाच माल हलका हाय."

साडू इतक्या भोळ्या आनंदानं रस्ता ओलांडून गेले की मला त्यांना थांबवताच आलं नाही. पलीकडच्या दुकानात शिरताच ते उत्साहानं म्हणाले, "समोरच्या शेठनी सांगितलं, सगळ्यात हलका माल तुमच्याकडेच मिळतो." पुढचं संभाषण मी इथे देत नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा तो दुकानदार हातात पाना घेऊन समोरच्या दुकानाकडे निघाला होता. साडूंना अखेरपर्यंत कळलं नाही की तो माणूस एवढा का चिडला. "धंद्यात स्पर्धा असते," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी दुकानांचा नाद सोडला आणि घराकडे मोर्चा वळवला. घरातल्या वस्तूंचे अवयव नाहीसे व्हायला लागले. साबणाच्या डबीचं झाकण गेलं; त्यातून त्यांनी शेपटाला बसवायचे शिंगासारखे तुकडे कापले. बॉलपेनच्या रिफिली रिकाम्या होऊन विमानाच्या पोटात नळ्या म्हणून बसल्या, आणि त्या नळ्यांतून ओढायला छत्रीच्या काड्यांऐवजी खराट्याचे हीर आले. "हिरासारखी वस्तू नाही साडूभाऊ. सरळ, ताठ, आणि वजन म्हणाल तर नुसती अफवा!" ताईचा खराटा महिनाभरात एवढा रोडावला की शेवटी त्यानं गॅलरी झाडायची म्हणजे गॅलरीला गुदगुल्या केल्यासारखं व्हायचं. चाकांसाठी त्यांना स्लिपरचे तळवे पसंत पडले. घरातल्या स्लिपरा संपल्यावर एका शेजाऱ्यांकडे सत्यनारायणाची पूजा होती. तीर्थप्रसादाला सगळे आत, आणि साडू बराच वेळ दाराबाहेर. आम्ही निघालो तेव्हा ते उकिडवे बसून पाहुण्यांच्या स्लिपरा एकेक करून दाबून बघत होते. यजमान म्हणाले, "सापडत नाही का हो तुमची?" साडू म्हणाले, "सापडली, पण ती माझी नाही."

या पद्धतीनं तयार झालेलं दुसरं विमान खरोखर उडालं असतं. पण धावता धावता साबणाच्या डबीचं शिंग तुटलं, शेपटीची ओढ सुटली, आणि विमान जमिनीवरून हातभर उठून मैदानाच्या टोकाला, खाडीकाठी तोंडघशी पडलं. सगळी हौस चिखलात गेली. खाडीच्या त्या काळ्या चिखलातून गुडघाभर रुतत साडू एकेक तुकडा वेचून आणत होते आणि प्रत्येक तुकडा वर धरून ओरडून सांगत होते, "इंजिन शाबूत आहे! डबी शाबूत आहे!" ताई काठावर उभी होती. ती हसत नव्हती.

त्या संध्याकाळी तिनं आम्हा दोघांना चहा दिला आणि साडूंच्या समोर बसली. "हे बघा," ती म्हणाली, "संक्रांत झाली की नाना येतायत. कायमचे. तिकडे आता त्यांच्यानं एकट्याला होत नाही. त्यांना खोली लागेल."

नाना म्हणजे आमचे सासरे. खोली म्हणजे साडूंची विमानाची खोली. तिच्यात पलंगापेक्षा भुसा जास्त होता.

"लागेल," साडू म्हणाले.

"त्याच्या आत तुमचं हे एकदा उडालं, तर खोली तुमची. नानांची कॉट मी हॉलमध्ये टाकीन, त्यांना समजावीन. नाही उडालं, तर हे सगळं माळ्यावर जाईल आणि पुन्हा त्या पेटीचं नाव काढायचं नाही. मी एवढी वर्षं काही बोलले नाही."

"उडालं म्हणजे?" साडूंनी विचारलं. ड्राफ्ट्समनला मोजमाप नक्की लागतं.

"उडालं म्हणजे उडालं. आकाशात. सगळ्यांना दिसलं पाहिजे."

साडूंनी मान डोलावली. त्यांचा चहा तसाच राहिला होता. विनोदाला जागाच नव्हती; ती खोली गेली असती तर त्या माणसात उरलं काय असतं हे मला सांगता आलं नसतं.

तिसरं विमान बनवण्याच्या दिवसांत मी रोज संध्याकाळी तिकडे जात असे. साडू आता गुंजेवरून अर्ध्या गुंजेवर उतरले होते. लाकडाला भोकं, भोकांच्या मधल्या लाकडाला आणखी भोकं. पंख बांधायचे बोल्ट काढून टाकले आणि सायकलच्या ट्यूबच्या रबरी चकत्यांनी पंख आवळले. इंजिनाच्या चार स्क्रूंची डोकी कानशीनं घासून अर्धी केली. रंग? रंगाला वजन असतं. नुसता पतंगाचा कागद. इंधनाची टाकी म्हणून होमिओपॅथीच्या गोळ्यांची चिमुकली बाटली. एवढं सगळं करूनही बिजागऱ्यांवर घोडं अडलं. कापडाच्या बिजागऱ्या डिंकानं ताठ व्हायच्या, प्लास्टिकच्या तुटायच्या, आणि धातूच्या बिजागऱ्यांचं नावही काढायची सोय नव्हती. साडू दोन संध्याकाळी तो शेपटीचा तुकडा मांडीवर घेऊन नुसते बसून होते.

तिसऱ्या दिवशी ताई मटार सोलता सोलता म्हणाली, "तेवढंच जोडायचंय ना? वाकलं पाहिजे आणि सुटता कामा नये?" तिनं शेंगा बाजूला ठेवल्या, हात पुसले, सुई ओवली, आणि दोन्ही तुकड्यांच्या कडेला भोकं पाडून एकदा वरून, एकदा खालून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे टाके घातले. शेपटी वर-खाली लोण्यासारखी फिरायला लागली. साडूंनी तो धागा तराजूत टाकला असता तरी पारडं हललं नसतं. ते ताईकडे बघत राहिले.

"असं काय बघताय? ब्लाउजला हुक लावण्यासारखंच आहे ते."

"हार्डवेअरच नाही!" ते पुटपुटले. "अगं, हिच्यात हार्डवेअरच नाही!" प्रेमाचं याहून मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

"पंखांचेही घालते. पण अट अट आहे," ताई म्हणाली, आणि पुन्हा मटार सोलायला लागली.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच, नाना आले. कोकमाची बरणी, फणसपोळी, आणि अंगावर दोन स्वेटर. खोलीच्या दारात उभे राहून त्यांनी विमान बराच वेळ पाहिलं. पतंगाच्या कागदातून पलीकडची खिडकी दिसत होती.

"जावयबापू," ते म्हणाले, "ह्यां उडतलां?"

"उद्या सकाळी, नाना."

"की परवा बंब पेटवूक घेवचां?"

साडू मोठ्यानं हसले. मग तोल बघून ठेवावा म्हणून त्यांनी दोन्ही बोटांची टोकं पंखांखाली धरून विमान उचललं, आणि शेपूट धाडकन खाली गेलं. त्यांनी पुन्हा उचललं. पुन्हा शेपूट खाली. मी माणसांचे पडलेले चेहरे पुष्कळ पाहिले आहेत, पण तसा नाही. हलकं करण्याच्या भरात त्यांनी नाकही हलकं केलं होतं. घासलेले स्क्रू, होमिओपॅथीची टाकी, पोखरलेलं लाकूड, सगळं नाकातलंच. शेपटातली एक गुंज वाचवताना नाकातल्या दहा गेल्या होत्या. आता एकच उपाय होता. ज्या माणसानं वजनाशी उभं वैर धरलं होतं, त्याला आता वजन शोधत फिरायचं होतं. आणि गंमत अशी की घरात जड असं काही उरलंच नव्हतं.

"शिसं पाहिजे," ते खोल आवाजात म्हणाले. हा शब्द त्यांनी एखाद्या शिवीसारखा उच्चारला.

आम्ही दोघं खाडीकडे गेलो. वाशीगावच्या धक्क्यावर एक म्हातारा आगरी जाळं विणत बसला होता. जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या लटकत होत्या. साडूंनी त्यातली एक उचलून नकळत हातात तोलली.

"मासा पाहिजे काय, साहेब?"

"नाही. ह्या गोळ्या थोड्या द्याल का? विमानाच्या नाकात घालायच्यात."

म्हाताऱ्यानं सुतळी तोंडातून काढली. "इमानाच्या?"

"हो. म्हणजे ते उडेल."

"आमी जालं बुडावं म्हनून शिसा लावतो," म्हातारा सावकाश म्हणाला, "आन तुमी इमान उडावं म्हनून लावता?" मग त्यानं धक्क्यावर बसलेल्या दुसऱ्याला हाक मारली, "आयकलंस काय रं? शेहरातली मानसं शिसा लावून उडतात!" दोघं इतके हसले की होडीतली बाई वळून बघायला लागली. साडूही हसले, आधी कसंनुसं, मग पोट धरून. म्हाताऱ्यानं मूठभर गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. "घ्या. उडला तं चांगलाच हाय. बुडला तं आमी हायच काडायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची दोन्ही घरं मैदानात होती. गार, कोरडा वारा डोंगराकडून खाडीकडे वाहत होता. नाना मफलर गुंडाळून घडीच्या खुर्चीत बसले होते. ताई हात छातीशी घट्ट बांधून उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण कुठल्या देवाला ती काय सांगत होती ते कळत नव्हतं. साडूंनी इंजिन सुरू केलं. विमान सुटलं, थोडंसं पळालं, आणि मग कोणी काही म्हणायच्या आत जमीन त्याच्याखालून निघून गेली.

ते उडालं. मी दुसरं काय लिहू? पतंगाच्या कागदातून सूर्य आरपार दिसत होता आणि आतली लाकडं माशाच्या काट्यांसारखी काळी उमटली होती. त्यानं एक मोठी फेरी घेतली, दुसरी घेतली, आमच्या डोक्यांवरून गेलं तेव्हा आम्ही सगळे उगाचच खाली वाकलो. नाना खुर्चीतून उभे राहिले. "उडालां गे! बाये, उडालां!" ते ओरडले, आणि त्यांनी मफलर काढून हवेत फिरवला. माझी बायको टाळ्या वाजवत होती. साडूंचं मात्र तोंड उघडं, डोळे वर, आणि दोन्ही गालांवरून पाणी वाहतंय. ते पुसायला हात मोकळे नव्हते.

मग इंजिन बंद पडलं. होमिओपॅथीची बाटली ती, केवढा वेळ पुरणार? साडूंनी खाडीच्या बाजूला गेलेलं विमान आमच्याकडे वळवलं, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला. आणि ते तिथेच थांबलं. घार थांबते तसं. नाक आमच्याकडे, पंख स्थिर. पण हळूहळू लहान होत चाललेलं.

"जावयबापू," नाना म्हणाले, "ह्यां उलटां जाता."

"नाही नाना, ते पुढेच येतंय," साडू वरून नजर न काढता म्हणाले. "हवा मागे जातेय."

त्यांनी नाक खाली केलं की ते थोडं पुढे यायचं, सोडलं की पुन्हा मागे. वाऱ्यापुढे रेटा द्यायला अंगात वजन लागतं, आणि वजन त्याच्यात ठेवलं होतं कुणी? देवळातून निघताना देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून लोक मागे मागे सरतात, तसं ते आमच्याकडे तोंड करून मैदानावरून गेलं, तिवरांवरून गेलं, खाडीच्या पाण्यावर गेलं. एक ठिपका राहिला. मग तो ठिपका आहे की डोळ्यांतलं पाणी, हे सांगता येईना.

शेवटी साडू म्हणाले, "अगं, मी आज दुपारीच खोली रिकामी करायला घेतो."

"का?" ताई म्हणाली.

"ते गेलं."

"मग? उडालं की नाही? सगळ्यांनी बघितलं की नाही? नाना, तुम्ही बघितलंत?"

"बघलंय," नाना म्हणाले.

"मी उडालं पाहिजे म्हटलं होतं. खाली आलं पाहिजे असं कुठे म्हटलं होतं?" तिनं पदर कमरेला खोचला. "खोली तुमची आहे."

"माका हॉलातच बरां," नाना म्हणाले. "वारो लागता."

साडूंनी मान हलवली, पण ते ऐकत होते असं वाटलं नाही. पेटी अजून त्यांच्या हातात तशीच चालू होती, एरिअल खाडीकडे रोखलेली. त्यांचे दोन्ही अंगठे दांड्यांवर होते आणि ते अगदी हलक्या हातानं, जणू कुणाला झोपेतून न उठवता कूस बदलायला लावावं तसं, थोडं वर, थोडं डावीकडे करत होते.

"बंद करा ना ते आता," ताई जवळ जाऊन म्हणाली.

"थांब गं जरा," ते म्हणाले. "अजून ऐकत असेल."

ताई त्यांच्या शेजारी उभी राहिली, नाना खुर्ची सोडून तिच्या शेजारी, आणि आम्ही दोघं त्यांच्या मागे. ऊन चढत गेलं. आम्ही सगळे खाडीकडे तोंड करून उभे होतो, आणि घरी चला असं कोणीच म्हणत नव्हतं.